नुसती नावं

शनीच्या टायटन या चंद्रावरून सकाळी यादी आली, तेव्हा हेमलता सावर्डेकर तिच्यात एकच नाव शोधत होत्या. शार्दूल. त्यांचा मुलगा.

टायटनवर माणसं देहानं जात नसत. जाई तो मनोलेख, म्हणजे अख्ख्या मनाची संगणकात उतरवलेली नोंद. तिथे त्याला यंत्राचं शरीर मिळे. वादळात ठाणं मोडलं, शरीरं गेली, आणि आठ मनोलेख तिथल्या संगणकात निजलेले उरले. अँटेना इतकी दुबळी झाली होती की एकच मनोलेख पृथ्वीवर आणायला नऊ दिवस लागणार होते. बॅटरी होती दहा दिवसांची. अशा वेळेसाठी जातानाच चिठ्ठ्या टाकून ठेवल्या होत्या. पहिली शार्दूलची, दुसरी इरा लोणकरची.

माणदेशातल्या संपर्क केंद्रातून तीनच आज्ञा तिथे पोचत: यादी दे, फाइल पाठव, फाइल पूस. यादीत प्रत्येक फाइलचं नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ. आतलं काहीच नाही.

यादी वाचताना केंद्रप्रमुख डॉ. यास्मिन मुल्लांचा चेहरा उतरला.

"काकू, शार्दूलचा आकार वाढलाय. बदलाची वेळ आजची आहे. तो जागा झालाय."

"मग आणा ना त्याला लवकर!"

"जागं मन सारखं बदलतं. नऊ दिवस तुकड्यातुकड्यानं आणलं, तर पहिला तुकडा आजचा, शेवटचा पुढच्या आठवड्यातला. जुळणारच नाहीत. येईल तो शार्दूल नसेल." त्यांनी आवाज खाली आणला. "शिवाय तो जागा राहिला तर बॅटरी पाच दिवसांत संपेल. आज तीनच्या आत त्याला पुसलं, तर इरा येऊ शकते. पण घरच्यांच्या संमतीशिवाय पुसता येत नाही."

भिंतीशी बसलेल्या भास्करराव लोणकरांनी, इराच्या वडिलांनी, मान फिरवली.

"आणखी एकदा यादी मागवा," हेमलताबाई म्हणाल्या.

आज्ञा जायला ऐंशी मिनिटं, उत्तर यायला ऐंशी. बारा वाजता आलेल्या यादीत नववी ओळ होती. फाइल रिकामी, आकार शून्य. नुसतं नाव: 'आई तू आहेस का'.

यादीखेरीज काही पोचत नाही हे ओळखून तो नावांतून बोलत होता.

"उत्तर द्या त्याला!"

"शब्द जात नाहीत, काकू. यादी मागितली की कुणीतरी आहे एवढं त्याला कळतं."

"मग मागा."

तीनला वीस मिनिटं कमी असताना आणखी दोन नावं आली. 'अंधार आहे'. 'मागत राहा'.

भास्करराव उठले. "ताई, माझी इरा झोपेत आहे. तिला काही कळणारही नाही..."

यास्मिननी पुसण्याची आज्ञा लिहून ठेवली होती. हेमलताबाईंनी ती एकेक अक्षर खोडली, आणि तिथे यादीची आज्ञा लिहिली. तीन वाजून गेले.

बॅटरी पाच दिवस चालली. बाईंनी बेचाळीस वेळा यादी मागितली आणि शार्दूल दर वेळी काहीतरी बोलला. शेवटच्या यादीत एकच नवं नाव होतं:

'मला आणता येणार नाही ठाऊक आहे, इराला आणताय ना'.

भास्करराव मागेच उभे होते. त्यांनीही ते वाचलं.