बाहेर गेल्याची नोंद

सायकालची झोप उडाली ती इमारतीच्या दरवाजाच्या पिनमुळे. साबिर-आके, म्हणजे साबिरदादा, किर्गिझस्तानात नारिन गावातल्या त्या इमारतीचा बॉयलर सांभाळतात. वीज गेली की तळघरात उबेला जमलेल्या पोरांना ते हे सांगतात, आणि सायकाल वर तिसऱ्या मजल्यावरच राहते, जाऊन विचारा, असंही बजावतात.

शिकलेली सून म्हणून चोवीस बिऱ्हाडांतल्या प्रत्येकाचे पिन सगळ्यांनी तिच्याच गळ्यात मारले होते. संगणकाच्या काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा आणि पुढे नाव टाइप केलं की सहा आकडे उमटत. एकदाच. ते पाकिटात बंद करून ती ज्याचे त्याला देई. साठवला जाई तो आकड्यांचा नुसता चुरा. त्यावरून मूळ पिन तिलाही जुळवता येत नसे. शिवाय पोरं हमरस्त्यावर पळतील या धास्तीनं तिनं आतून बाहेर पडायलाही पिन लावून घेतला होता. शेजारणी म्हणाल्या, तुरुंग केलास. तिलाही अधूनमधून तसंच वाटे.

सासरे उन्हाळ्यात गेले. त्यांचा पिन तेव्हाच काढायचा. पण त्यासाठी नाव टाइप करावं लागणार, आणि सासऱ्याचं नाव सून घेत नाही. नोंदवताना ते नवऱ्यानं टाइप केलं होतं. तो आता रशियात, कझानला, बांधकामावर. तिनं आज-उद्या करत चार महिने काढले.

नोव्हेंबरात तिनं दाराच्या नोंदी उघडल्या. ओळीनं तीन गुरुवार, सासऱ्यांचा पिन. आत, रात्री अकरा चाळीस. बाहेर, पहाटे चार.

चोर असेल, तिनं मनाशी म्हटलं. पण चोराला आकडे कुठून कळणार? पाकीट सासऱ्यांनी तिच्यादेखत चुलीत घातलं होतं. आणि घरात होतं कोण? म्हातारी सासू, आणि दाराजवळच्या खोलीत झोपणारी तिची चार वर्षांची लेक आयपेरी.

सासू मात्र निवांत. दर गुरुवारी गेलेल्यांना वास पोचावा म्हणून ती कढईत बोरसोक, कणकेचे छोटे गोळे, तळते. म्हणाली, "मी वास देऊन बोलवायचं, आणि तू दार लावायचं?"

सायकालनं साबिर-आकेंना गाठलं. ते म्हणाले, नाव काढून टाक.

"ते नाव मी घेत नाही, आके."

"घे कुठं म्हणतोय? टाइप कर."

चौदा नोव्हेंबर, गुरुवार. बाहेर उणे अकरा. घरभर तळणाचा वास. आयपेरीच्या उशाशी बसून सायकालनं संगणक मांडीवर घेतला. एक अक्षर टाइप केलं. पुसलं. मनात माफी मागितली. पुन्हा टाइप केलं. निम्म्यावर बोटं अडली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि बघितलं.

अकरा चाळीस.

खाली दार वाजलं.

तिनं उरलेली अक्षरं घाईघाईनं मारली. पडद्यावर ओळ आली: पिन रद्द.

तिनं कान दिला. जिन्यात पाऊल नाही... दिवा नाही... काहीच नाही. आपण वेळेत आटोपलं, असं तिला वाटलं. भिंतीला टेकून ती बसून राहिली.

चार वाजता खालून आवाज आला. चुकीच्या पिनचा, लांब. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा, सावकाश... जसं म्हातारं माणूस एकेक आकडा चाचपून दाबतं.

मग शांतता.

तिनं नोंदी उघडल्या. तीन ओळी. आतून. आतून. आतून. पिन नाकारला.

आतून.

उठावं, खाली जावं, आपल्या पिननं दार उघडून द्यावं... की उघडू नये... तिला काही ठरवता येईना.

आयपेरी उठून बसली होती. डोळे टक्क उघडे. आईच्या खांद्यावरून मागे बघत तिनं थोडं ऐकून घेतलं, मान हलवली आणि आपली उशी बाजूला सरकवली.

"आई, राहू दे. ते म्हणतात, आता इथंच झोपतो."