भरायची आणि सुटायची

पौडच्या स्टँडसमोर सोपानचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, वर पत्रा आणि एका खांबावर आयटीआयचं प्रमाणपत्र. पावसात पत्रा सगळीकडे गळायचा, प्रमाणपत्रापुरता सोडून. चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत त्याच्याकडे हैबतरावांची लाल विलायती गाडी पुन्हा आली. दोन माणसांची, बिनटपाची, पंचवीस वर्षं जुनी. उभी असली तरी पळतेय असं वाटायचं, आणि पळायला लागली की थांबेल असं वाटायचं नाही.

आणि ती खरंच थांबली नव्हती. पंधरा दिवसांपूर्वी ताम्हिणीच्या उतारावर पुढच्या चाकातली ब्रेकची डिस्क फुटली. चालवत होता सोपानचा धाकटा भाऊ जयवंत, हैबतरावांचा ड्रायव्हर. त्यानं गाडी डोंगराला घासत घासत कशीबशी उभी केली. तेव्हापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. टोपीसुद्धा डाव्या हातानं घालायचा.

रविवारी हैबतरावांच्या पुतण्याचं लग्न होतं, माणगावला. नवरदेव याच गाडीतून मिरवणार, म्हणजे जयवंतच्या वाट्याला पुन्हा तोच उतार.

"वरात कुठं थांबता कामा नये," हैबतराव बजावून गेले. सोपानच्या मनात आलं, थांबत नाही हेच तर दुखणं आहे.

विलायतेहून डिस्क मागवायच्या तर सहा महिने. तोवर नवरीला दिवस गेले असते. म्हणून सोपाननं इथल्या इथं तीन जोड्या जमवल्या. पहिली पुण्याच्या जुन्या बाजारातली, घासून घासून पापड झालेली. दुसरी भोसरीला नवी ओतून घेतलेली. तिसरी कोळवणच्या पलीकडच्या एका वाडीतल्या शाळेची. फार पूर्वी दरीत गेलेल्या कुठल्याशा गाडीच्या त्या डिस्क शाळेनं घंटा म्हणून टांगल्या होत्या. एक शाळा भरायची, एक सुटायची. शाळेचा शिपाई कोंडीराम त्या पोत्यात गुंडाळून स्वतः घेऊन आला. त्याच्या कपाळावर सात टाके होते.

"ह्या न्या. शाळंनं आता रुळाचा तुकडा टांगलाय. फकस्त वाजवू नगा."

"का वो?"

"वाजली की पोरं हाणामाऱ्या करत्यात."

"पोरं करणारच की."

"आमीबी तेच म्हनलो," कोंडीराम म्हणाला. "मग मास्तर कराय लागले."

पण वाजवल्याशिवाय डिस्क निवडता येत नाही. तारेला टांगायची आणि हातोडीनं हलका टोला द्यायचा. आत चीर असली तर लोखंड ठद्द बोलतं, धड असलं तर गातं. जुन्या बाजारातली ठद्द बोलली. भोसरीवाली खळखळली, ओतताना पोटात हवा राहिलेली. जयवंतनं तार धरली आणि सोपाननं शाळेच्या पहिल्या डिस्कला टोला दिला.

असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. स्वच्छ, थंड, लांबलचक. विरायचं नाव घेईना.

समोरच्या टपरीत भिकूनं उकळत्या चहाचं पातेलं उचललं, बाकड्यावरच्या गिऱ्हाइकाच्या मांडीवर सावकाश ओतलं आणि विचारलं, "साखर बराबर हाय ना?"

मग आरडाओरडा झाला. भिकू हातातल्या पातेल्याकडे परक्याच्या वस्तूकडे बघावं तसा बघत राहिला. सोपाननंही हातोडी खाली केली. टोला एकच द्यायचा असतो. त्यानं नऊ दिले होते.

योगायोग, सोपान म्हणाला, आणि दुसरी टांगली.

स्टँडवर एका कंडक्टरनं म्हातारीच्या कानाच्या पाळीला तिकिटाच्या चिमट्यानं भोक पाडलं. इकडे जयवंतचा उजवा हात, टोपीपर्यंत न पोचणारा, डोक्यावरून फिरून सोपानच्या तोंडावर आला. सोपानचा दात मातीत पडला.

"दादा... म्या मारलं?"

"हात वर गेला ते बरं झालं," सोपान रक्त थुंकत म्हणाला.

"ह्या नगं. भोसरीच्या बसव."

"त्या फुटनार. तू खाली जानार."

"आन ह्या?"

"बोल्ट आवळल्यावर लोखंड वाजत न्हाई. शिकलोय मी."

रविवारी जयवंत जिता घरी यावा, सोपानला एवढंच हवं होतं. शाळेच्याच डिस्क बसवल्या; बोल्टांची भोकं कानस न लावता जुळली. तरी त्यानं कापसाचं बंडल आणून ठेवलं.

ज्यानं ब्रेक बसवले त्यानंच पहिल्या उताराला शेजारी बसायचं, ही गॅरेजवाल्यांची रीत. शनिवारी सकाळी दोघं निघाले. कानात कापूस, वरून मफलर. एकमेकांचं काही ऐकू येणार नव्हतं. सोपाननं हात वर केला की जयवंतनं ब्रेक दाबायचा, असं ठरलं.

धरणाकाठच्या एका वस्तीपाशी सोपाननं हात वर केला. गाडी लोण्यात सुरी रुतावी तशी थांबली. कानांना काही कळलं नाही, पण पडलेल्या दाताच्या जागी झिणझिण्या आल्या.

मागे आंब्याखाली एकाची दाढी चालली होती. गाडीच्या आरशात पांढरा फेस दिसला. मग तो पांढरा राहिला नाही.

जयवंतनंही आरशात पाहिलं होतं. तिथून पुढे तो नुसत्या गिअरवर गाडी हाकत राहिला.

ताम्हिणीचा रस्ता तेव्हा निम्मा रस्ता होता आणि निम्मी रोजगार हमी. उतार लागला. गिअरला गाडी आवरेना. वळण आलं, आणि वळणाच्या पलीकडे दरीच्या काठाला खडी फोडणाऱ्या बायकांची रांग. वीसेक बायका. प्रत्येकीच्या हातात हातोडी. मधेमधे झोळ्या, झोळ्यांत पोरं.

सोपाननं हात वर केला.

जयवंतचा पाय ब्रेकवर होता. सोपानच्या डोळ्यांदेखत तो पाय उचलला गेला.

"दाब! जया, दाब!"

कापूस चांगल्या प्रतीचा होता.

सोपान ब्रेकवर हातानं झेपावला. जयवंतनं त्याला बखोटीला धरून उघड्या गाडीतून बाहेर फेकलं. सोपान खडीच्या ढिगावर आपटला.

लाल गाडी बायकांच्या रांगेला वळसा घालून गेली. कुणाला धक्का लागला नाही.

मग तिथे गाडी नव्हती.

बायका धावल्या. सगळ्यांत पुढे साळूबाई म्हणून एक होती. तिनं सोपानला उठवायला हात पुढे केला. तिचे ओठ हलत होते. लागलं का रं, म्हणत असावी.

सोपान दरीकडे बघत होता. खालून धूळ वर आली, आणि पडलेल्या दाताच्या जागी पुन्हा झिणझिण्या आल्या.

साळूबाई थबकली. मागच्याही थबकल्या. सगळ्यांनी एकदम माना किंचित वळवल्या.

साळूबाईनं पुढे केलेला हात मागे घेतला आणि पदर खोचला.

मागच्या एकीनं कडेवरचं तान्हं पोर आधी सावलीला नेऊन ठेवलं, तोंड पलीकडे करून.