उतरताना म्हणायचा शब्द

पंचेचाळिसाव्या वर्षी नवीन काम शिकता येत नाही असं नाही, पण शिकताना कंबर दुखते एवढं खरं. हा माणूस एकवीस वर्षं कागदाच्या गिरणीत वजनकाट्यावर बसलेला. भरलेला ट्रक काट्यावर यायचा, आकडा उमटायचा, हा तो लिहून घ्यायचा, विषय संपला. ड्रायव्हर चहाला पळाले की ट्रक मागेपुढे करायला लागायचे, म्हणून कधीकाळी त्यानं जड वाहनाचं लायसन काढून ठेवलं होतं. गिरणीला टाळं लागलं तेव्हा तेच कामाला आलं. लांब पल्ल्याच्या बस चालवणाऱ्या एका कंपनीनं त्याला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. तीन महिने नीट गेले तर कायम, नाहीतर घरी. आणि घरी म्हणजे काय, तर बायको, बारावीतली मुलगी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. रिकामा बसलेला बाप त्या दोन खोल्यांत मावत नव्हता, हे त्यानं मधल्या सात महिन्यांत पाहून घेतलं होतं.

डेपोत त्याला पहिल्याच दिवशी 'काटेभाऊ' हे नाव पडलं. गाडी वळताना मागचं चाक आत येतं म्हटलं की हा विचारणार, "म्हणजे नेमकं किती?" भरलेली गाडी थांबायला जागा लागते म्हटलं की, "किती फूट?" त्याला शिकवायला दिला होता वस्ताद. निवृत्तीला सव्वा महिना उरलेला जुना ड्रायव्हर, पोट स्टिअरिंगला टेकलेलं आणि बोलणं मोजूनमापून. तो शेजारच्या घडीच्या खुर्चीत बसायचा आणि काटेभाऊचं काही चुकलं की नुसता घसा खाकरायचा. पंधरा दिवसांत काटेभाऊला त्या खाकरण्याची स्वप्नं पडायला लागली.

गाडी अकरा नंबरची. नव्या माणसाच्या गळ्यात जुनी गाडी मारायची, हे तर सगळीकडेच चालतं. पंचेचाळीस जणांची जागा, त्यात मागे पाच जणांचं सलग बाकडं, आणि धुऊन धुऊन राखाडी पडलेले निळे पडदे. साडेपाचला ताबा घ्यायचा, सहाला निघायचं, चार तासांवरच्या गावी पोचायचं, दोन तास थांबून परत यायचं. संध्याकाळी गाडी धुण्याच्या हौदाशेजारी लावायची. मागच्या बाकड्यापर्यंत चालत जाऊन कोणाचं काही राहिलंय का ते बघायचं, पुढे यायचं, उतरायचं, दार ओढायचं.

"आणि पायरी उतरताना 'जातो' म्हणायचं," वस्ताद म्हणाला.

"कोणाला?"

"गाडीला."

नव्या माणसाची फिरकी घेतायत, असंच काटेभाऊला वाटलं. पण मग त्यानं लक्ष ठेवलं. झाडूवाली बाई अकरा नंबरमधून उतरताना खाली मान घालून "जाते" म्हणाली. वायरिंगवाला पक्कड तोंडात धरून "जातो" म्हणाला. बाकीच्या गाड्यांतून उतरताना कोणी काही म्हणत नव्हतं.

"'येतो' का नाही म्हणायचं?" त्यानं वस्तादला विचारलं. "जातो म्हणणं बरं दिसत नाही."

"येतो कोणाला म्हणतो आपण?"

"घरच्यांना."

"हे घर आहे का?"

"नाही."

"मग झालं तर."

काटेभाऊच्या घरी 'जातो' म्हणजे शिवीच होती. नळ दुरुस्त करून निघालेल्या माणसालाही त्याची बायको दारातून परत फिरवून "येतो म्हणा" असं सुनवायची. दोघं एका वर्गातली, त्यामुळे लग्नाला एकोणीस वर्षं झाली तरी अरे-तुरे सुटलं नव्हतं. सकाळी तो बुटाची नाडी बांधत "येतो गं" म्हणायचा. डबा भरून ठेवलेला असायचा. ती स्वयंपाकघराबाहेर पाऊलही न टाकता आतूनच म्हणायची, "ये रे. सावकाश ये." खोटं कशाला बोला, तेवढ्या शब्दांवर तो अख्खा दिवस काढायचा.

वस्ताद निवृत्त झाला. त्यानंतर पंधरा दिवसांत दोन ड्रायव्हर आजारी पडले आणि काटेभाऊला सुट्टी मिळेना. नको म्हणायची सोय नव्हती, बोलीवरचा माणूस. सलग अकराव्या दिवशी संध्याकाळी त्यानं गाडी हौदाशेजारी लावली तेव्हा त्याचे खांदे दगड झाले होते आणि डोळ्यांपुढे अजून रस्ताच पळत होता. तो मागे जाऊन आला. बाकडं रिकामं होतं, खाली एक संत्र्याची साल पडली होती, ती त्यानं उचलली. इंजिन थंड होताना टकटक करत होतं. त्यानं पिशवी खांद्याला लावली, पायरीवर पाय ठेवला आणि सवयीनं बोलून गेला.

"येतो गं."

"ये रे. सावकाश ये," मागून कोणीतरी म्हणालं.

आवाज त्याच्या बायकोचा नव्हता. बाईचा होता, थोडा कामात असल्यासारखा. कोणी हातातलं काम न सोडता बोलावं तसा.

काटेभाऊ परत वर चढला. त्यानं सगळे पडदे सरकवले, बाकड्याखाली वाकून पाहिलं, सामानाचे कप्पे उघडले. मग स्वतःलाच दोन शब्द सुनावले, की बाबा रे, झोप काढ. उतरताना मात्र त्यानं मोठ्यानं आणि स्पष्ट "जातो" म्हटलं. त्यावर कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याची सीट बरोबर त्याच्या मापाची लावलेली होती. यात नवल ते काय, असं वाटेल. पण धुणारा माणूस बुटका होता, गाडी हौदावर घ्यायला तो रोज सीट पुढे ओढायचा आणि काटेभाऊला रोज सकाळी ती मागे ढकलावी लागायची. "आज नाही का हलवलीस?" त्यानं विचारलं. "हलवली ना," धुणारा म्हणाला. "ओढून ओढून हात दुखला." आरसेही तिन्ही जागच्या जागी होते. काटेभाऊनं वहीत तारीख टाकली आणि पुढे लिहिलं, 'सीट, आरसे'. गिरणीची सवय. पुढचे नऊ दिवस तो रोज तेच लिहीत राहिला आणि दहाव्या दिवशी वही काढायचा कंटाळा आला.

त्या दिवसांत आणखी एक झालं. परगावच्या थांब्यावर तो जेवायला बसायचा तर भूकच नसायची. नुसती मेलेली नव्हे, भागलेली. पोट भरल्यावर अंगात येते ती सुस्ती असायची. तो मागच्या बाकड्यावर आडवा व्हायचा आणि दोन तास असा झोपायचा की उठल्यावर शिणाचा मागमूस नसायचा. शीण गाडीतून उतरल्यावर लागायचा. घराचे तीन जिने चढताना तर पाय मणामणाचे व्हायचे.

"रोज डबा तसाच?" बायकोनं एका संध्याकाळी विचारलं. "बाहेर खातोस का? आवडत नसेल तर तसं सांग, मी पहाटे चारला उठते."

"अगं, भूकच नसते."

"बरं."

ती रागावली हे त्याला कळलं, कारण दोन दिवसांनी ती त्याला 'अहो' म्हणाली. बायको एकाएकी अहो-जाहो करायला लागली की नवऱ्यानं काय समजायचं ते समजतो. त्यानं गंमत करून पाहिली, मुलीला म्हणाला, "आज आईचा पारा बघितलास का?" मुलगी नुसती हसली, आणि खुर्चीवरची पुस्तकं उचलून तिनं त्याला बसायला जागा करून दिली. एवढी शहाणी ती कधी झाली, असं त्याला वाटलं. मग वाटलं, आपण हल्ली घरी असतोच कुठे. हे मनाला लागलं. पण तीन महिने पुरे व्हायला सोळाच दिवस होते, आणि कायम झालो की सगळं सुरळीत होईल असं म्हणून तो झोपला.

त्याच आठवड्यात काठी टेकत उतरणारी एक म्हातारी पायरीवर थांबली.

"मागे बसल्यात ना, त्यांनी विचारलंय, जेवलास का म्हणून."

"मागे कोण?"

"ते मला काय माहीत? तुझ्याच कोणीतरी असतील. काळजीनं विचारत होत्या."

त्या फेरीला एकतीस प्रवासी होते. तक्ता त्याच्या समोरच होता. शेवटच्या दोन ओळींत आणि बाकड्यावर एकही नाव नव्हतं. त्यानं आरशात पाहिलं. मागच्या खिडकीचा पडदा कोणीतरी डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून अर्धाच ओढला होता. त्याला भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्याला बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याची भीती त्याला फार उशिरा वाटली.

कायम झाल्याचं पत्र शुक्रवारी मिळालं. साहेब म्हणाले, "तीन महिन्यांत गाडीला एक ओरखडा नाही, असा माणूस पाहिला नाही." काटेभाऊचा ऊर भरून आला. घराच्या वाटेवरच वस्तादची खोली होती. पत्र आधी ज्यानं शिकवलं त्याला दाखवावं, म्हणून तो तिथे वळला.

वस्तादनं पत्र वाचलं, घडी घातली, परत दिलं. चहा ठेवला.

"उतरताना म्हणतोस ना?"

"म्हणतो की. एकदाच चुकलं."

वस्तादचा हात कपावरच राहिला.

"मागून काही आलं?"

काटेभाऊनं सांगितलं. सीट, आरसे, भूक, म्हातारी, सगळं. वस्ताद एकदाही खाकरला नाही.

"माझ्या आधी ही गाडी ज्याच्याकडे होती, त्यानंही म्हटलं होतं," तो शेवटी म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. फार चांगला ड्रायव्हर. पुढे कधी रजा घेतली नाही त्यानं." वस्ताद खिडकीकडे बघत राहिला. "तू घरातून निघताना काय म्हणतोस हल्ली?"

काटेभाऊ उत्तर द्यायला गेला आणि थांबला. त्याला आजची सकाळ आठवली. बूट घातले, पिशवी घेतली, दार उघडलं आणि म्हटलं, 'जातो'. कालही तेच. परवाही. गाडीत चुकू नये म्हणून घोकलेला शब्द, जिथे म्हणायचा नाही तिथे तो रोज म्हणत होता. आणि बायको, जी नळवाल्यालाही सोडत नाही, ती काही बोलली नव्हती.

किती दिवस झाले याचा आकडा त्याला सांगता येईना.

"घरी जा," वस्ताद म्हणाला. "आणि सकाळी निघताना नीट म्हण."

तो जिने पळत चढला. चावी लागली, पण दार साखळीवर अडलं. फटीतून मुलीनं पाहिलं.

"आई, ते आलेत."

साखळी निघाली. बायकोनं "या ना" म्हटलं आणि ताटलीवर पाण्याचा पेला ठेवून आणला. त्यानं पत्र पुढे केलं. तिनं ते उभ्यानंच वाचलं, आणि तिला मनापासून आनंद झाला, हे त्याला स्पष्ट दिसलं.

"फार छान झालं. तुमच्या घरी कळवलंत का?"

तो खुर्चीवर टेकला.

"थकलोय गं," तो कसाबसा म्हणाला.

'गं' ऐकून ती जरा चपापली. पण स्वभावानं भली बाई, तिनं मनावर घेतलं नाही. बाहेरच्या खोलीत तिनं धुतलेली चादर घातली, उशाशी झाकून तांब्या ठेवला आणि काही लागलं तर हाक मारा म्हणाली. आतल्या खोलीचं दार लागलं. काटेभाऊ टक्क जागा होता. उद्या म्हणायच्या शब्दाखेरीज त्यानं दुसरं काही मनात येऊ दिलं नाही.

सकाळी त्यानं बूट घातले, नाडी बांधली. डबा कुठेच भरून ठेवलेला नव्हता. त्यानं दार उघडलं, उंबऱ्यात उभा राहिला आणि जीव एकवटून म्हणाला,

"येतो गं."

ती हात पुसत बाहेर आली. त्याच्या मागून पार जिन्यापर्यंत आली, आणि त्याला नीट दिसावं म्हणून तिनं जिन्यातला दिवा लावला. एकोणीस वर्षांत ती त्याला पोचवायला कधी आली नव्हती.

"हो, या ना," ती हसून म्हणाली. "फक्त येण्याआधी एक फोन करा, म्हणजे आम्ही घरी असू."