वरच्या खोलीतला ठसका

खोटं वाटलं तर वाटू दे. आश्लेषा हे छातीठोकपणे सांगते, आणि ती काही भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही.

गेला सप्टेंबर. टेक्सासमधलं शुगर लँड. बाहेर अंग भाजणारी दुपार.

तिच्या सात वर्षांच्या हर्षिताला दमा. या घरात राहायला आल्यापासून फारच वाढलेला. सगळे सांगायचे, खिडक्या बंद ठेवा, एसी चालू ठेवा. तिने ऐकलं. वर हर्षिताच्या खोलीत हवा तपासणारं यंत्रही ठेवलं. हवा ताजी असली की हिरवा दिवा, माणसांच्या श्वासाने कोंदली की लाल.

पण हर्षिता शाळेत असतानाही तो लाल व्हायचा...

"सेन्सर खराब असेल यार, रिटर्न कर," नवरा सिद्धेश म्हणाला.

नवं यंत्र आलं.

तेही लाल.

लेक घरी असली की मिरच्या भाजायची सोय नव्हती. म्हणून त्या दुपारी, घरात एकटीच असताना, आश्लेषाने ठेच्यासाठी मिरच्या तव्यावर टाकल्या. धूर नाकात गेला. तिला ठसका लागला.

आणि वरून...

कुणीतरी खोकलं.

जुनाट, घरघरणारा खोकला.

दुसरी कुणी असती तर रस्त्यावर पळाली असती. हिला भीती वाटलीच, पण त्याहून जास्त चीड आली. माझं लेकरू रात्र रात्र धापा टाकतं, आणि तिच्या खोलीतली हवा हा कोण खातोय?

हातातल्या उलथन्यासकट ती जिना चढली.

खोली रिकामी. दिवा लालभडक. खिडकीची काच उन्हाने तापलेली, तरी आतून एका जागी श्वासाच्या वाफेने धुरकटलेली... तोंडाएवढीच.

खिडकी रंगाने चिकटून बसली होती. तिने फटीत उलथनं घालून ती उचकटली.

"नीघ! ही हवा माझ्या पोरीची आहे. तुला श्वास घ्यायचा तर बाहेर जाऊन घे!"

गालाजवळून काहीतरी कोमट सरकलं...

दिवा हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षिता म्हणाली, "आई, आय डिडन्ट कफ ॲट ऑल!"

सिद्धेश अजून घर विकू म्हणतो. आश्लेषाचं एकच, "मी का जाऊ?" ती खिडकी तेव्हापासून उघडीच असते.

परवा तिने पुन्हा मिरच्या भाजल्या.

ठसका ऐकू आला. त्या वरच्या खिडकीच्या बाहेरून, जिथे पाय ठेवायलाही जागा नाही...

तिने तव्यावर आणखी दोन मिरच्या टाकल्या.