पाच मिनिटांचा जोडीदार

"सोडा हो आता! डब्यात ठेवताय की विसर्जन करताय?"

मागून आवाज आला आणि दचकून माझा फोन खरंच दारातल्या, फोन जमा करायच्या डब्यात पडला. वळून पाहिलं... उंच, दाढी वाढलेली, नजर खट्याळ. त्याच्या हातातूनही फोन काही सुटत नव्हता, ती गोष्ट निराळी!

आमच्या शहरातल्या लष्कर भागात, मंदाताईंच्या रविवारच्या गटात आम्ही दोघंही त्या दिवशी नवीन होतो. मंदाताई समुपदेशक, आणि आम्ही फोनपायी जगणं अडलेली दहा-बारा मोठी माणसं. बाबा गेल्यापासून मला उदासीनं घेरलं होतं. गोळ्या चालू, शाळेतल्या नोकरीवर रजा, आणि दिवसाचे दहा तास मी फोनमध्ये तोंड खुपसून. तो दौलतसिंह, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मुरारचा. गर्दीत छाती धडधडते म्हणून एकटा घर सोडायचा नाही, गेम खेळत बसायचा.

मंदाताईंनी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. स्क्रीनसाठी हात शिवशिवला की जोडीदाराला फोन करायचा — फक्त बोलायचं, पाच मिनिटं — आणि कागदावर एक रेघ ओढायची. तीन महिन्यांनी जोड्या बदलणार. माझ्या चिठ्ठीत दौलतसिंह निघाला.

"शिवशिवतोय?" तो विचारायचा.

"फारच!"

"मग सांगा, आज जेवलात काय?"

एवढं काय बोलायचो, देव जाणे! पण पाच मिनिटं झाली की तो ठेवायचाच. "हो गया टाइम, शामलाजी. जा, आईंबरोबर चहा घ्या." पुढे पुढे तर, "शाळेत कधी जाणार? मुलं वाट बघत असतील ना?" मला अस्सा राग यायचा! पण जुलैत मी शाळेत गेले. तोही सवारी टेम्पोच्या गर्दीतून एकटा लष्करला यायला लागला.

तीन महिने संपले. मंदाताई सगळ्यांचे कागद घेऊन बसल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"सगळ्यांच्या रेघा कमी झाल्या. तुमच्या दोघांच्याच तिप्पट! बिघडलात की काय?"

सगळे आमच्याकडे बघायला लागले. माझे कान तापले.

"ताई... महिनाभर माझा हात एकदाही शिवशिवला नाही. नुसतं बोलायला मिळावं म्हणून मी खोट्या रेघा ओढल्या."

"मेरी भी झूठी हैं," दौलतसिंह जमिनीकडे बघत म्हणाला.

गटातल्या सुलोचनाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मंदाताईंनी मात्र ठरल्याप्रमाणे जोड्या बदलल्या. मला सुलोचनाबाई, त्याला माधवराव.

खाली रस्त्यावर भुरभुर पाऊस होता. त्यानं छत्री माझ्यावर धरली आणि स्वतः भिजत उभा राहिला. मला त्याला गमवायचं नव्हतं, आणि भीतीही तेवढीच वाटत होती.

"एक सवय सुटली आणि दुसरी लागली... असं तर नसेल ना?" मी विचारलं.

त्यानं छत्री दुसऱ्या हातात घेतली. "फोननं तुम्हाला कधी म्हटलं — बस, आता मला ठेवा आणि शाळेत जा?"

मला रडू आलं, आणि हसूही.

"मला तुम्ही आवडता, शामलाजी. हात शिवशिवत नसतानाही."

"महिनाभर थांबू या," मी म्हणाले. "मी सुलोचनाबाईंशी बोलेन, आईशी, शाळेतल्या बायकांशी. आणि एवढं करूनही तुमची आठवण आली, तर... हो."

"और नहीं आई तो?"

मुरारचा टेम्पो येऊन थांबला. त्यानं छत्री माझ्या हातात दिली आणि एक पाय आत ठेवला.

"आठवण तर आत्ताच यायला लागलीय," मी म्हणाले... आणि तो अजून गेलाही नव्हता.