जड पाण्याचा नमुना

"अहो मॅडम, काचनळी आहे ती, तलवार नाही!"

स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठाच्या आमच्या रसायन विभागात, नमुन्याची नळी हातात घेऊन जिन्याच्या वळणावर मी त्याच्यावर आदळले. नळी वाचली, त्याची कॉफी मात्र त्याच्याच शर्टावर सांडली. हा एलादियो, तळघरातलं मोठं चुंबकीय यंत्र सांभाळणारा. रेणूत कोणता अणू कुठे बसलाय, ते त्या यंत्रावर दिसायचं.

मला नेमकं तेच हवं होतं. टायटॅनियमचा उत्प्रेरक वापरून पाण्यातला हायड्रोजन काढायचा आणि रेणूला जोडायचा, हे माझं काम. पण तो पाण्यातूनच येतो, हे कुणाला पटत नव्हतं. म्हणून मी साध्याऐवजी जड पाणी घेतलं होतं. त्यातला जड हायड्रोजन रेणूत दिसला, की पुरावा मिळाला!

"आज तरी सापडला?" मी रोज विचारायची.

"हायड्रोजन नाही... पण तुला उगाचच जिने उतरायला आवडतं, हे सापडलं."

"चावट!"

मग संत्र्याच्या झाडांखाली दोघांत एक सँडविच. संध्याकाळ झाली, की तो घरी पळायचा. त्याचे वडील, सातुर्नीनो, सगळं विसरत चालले होते. त्यांना दुसरं कुणी नव्हतं.

मार्चमध्ये एकदा तो पडद्याकडे बघतच राहिला. "नुरिया... आला गं. पाण्यातूनच आला!"

मी त्याला मिठी मारली — आणि मग सोडवेना.

त्याच निकालावर मला स्वीडनहून नोकरीचं बोलावणं आलं.

"मला थांब म्हण," मी म्हटलं.

"म्हटलं, तर थांबशील."

"हो."

"म्हणूनच म्हणत नाही."

"प्रेम नाहीये तुझं?"

त्याने चष्मा काढला, उगाच पुसत राहिला. "आहे. खूप आहे... पण बाबांना सोडून मी येऊ शकत नाही. आणि तुझं काम इथे अडकलेलं मला बघवणार नाही."

मी निघाले त्या दिवशी बसस्थानकावर तो आला, वडिलांचा हात धरून. सातुर्नीनोंनी माझा चेहरा ओंजळीत घेतला.

"सूनबाई, रात्री जेवायला येशील ना? उशीर नको करूस."

एलादियोने तोंड फिरवलं.

"येते, बाबा," मी म्हटलं.

बस सुटली. खिडकीतून दिसलं — सातुर्नीनो त्याला पुन्हा पुन्हा काहीतरी विचारत होते, आणि तो डोळे पुसत, प्रत्येक वेळी, हो म्हणून मान हलवत होता...