समोरचा ट्रक बाजूला झाला

चेलाडीच्या फाट्यावर एसटीतून दोन बायका उतरल्या आणि त्यांतली म्हातारी तिथंच रस्त्याकडेच्या दगडावर बसली.

"पोरी, आता मला हितनं हलवू नगंस. मेले तरी चालंल, पर पुन्यांदा त्या गाडीत न्हाई बसायची."

प्रेरणानं हातातली पिशवी आईच्या शेजारी ठेवली. आईच्या, भामाबाईंच्या, मणक्यात कॅन्सर उतरला होता. पुण्याच्या दवाखान्यात रोज किरणं घ्यायला जायचं, रोज मार्गासनीला परत यायचं. आणि वाटेतला एकेक ब्रेक त्यांच्या पाठीत खिळा ठोकल्यासारखा बसायचा. भादव्यातली भुरभुर सुरू झाली तशी प्रेरणानं आईच्या डोक्यावर पदर ओढला आणि पुढं काय, याचा विचार करत ती नुसती उभी राहिली.

एक पांढरी गाडी फाट्यावरून पुढं गेली, थांबली, आणि उलटी मागं आली.

"पुण्याला का?" काच खाली करून एका तरुणानं विचारलं. "मी किकवीचा, अमृत. सवारी आणायला चाललोय. गाडी रिकामीच आहे."

"रिकाम्या गाडीत बायकांना बसवायची सवयच दिसतेय तुम्हाला," प्रेरणा म्हणाली.

"सवय नाही. आज पहिल्यांदाच बसवतोय, आणि बसायच्या आधीच बोलणी खातोय."

"अगं, भांडान काय ते आत बसून कर की!" भामाबाई कण्हत उठल्या. "हितं मी भिजतीया."

त्यानं पुढची सीट मागं पाडून भामाबाईंना निजवलं. प्रेरणा मागं बसली. गाडी महामार्गाला लागली, त्यानं स्टिअरिंगवरचं एक बटण दाबलं आणि पाय पेडलवरून उचलून घेतला.

"अहो, पाय का काढलात?" प्रेरणा दचकून पुढं वाकली.

"आता गाडी आपली आपण चालते. तिला वेग ठरवून दिला की ती तेवढाच धरते. समोर एखादं वाहन आलं, की त्याच्यापासून अंतर राखते. ते हळू झालं, की ही लांबूनच हळू होते. ब्रेकसुद्धा स्वतःच लावते."

"गाडीला येवढी अक्कल हाय," भामाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "मग तुला कशाला ठिवलाय?"

अमृत हसला. "अक्कल नाही, मावशी. नुसती नजर आहे. पुढं चालत्या वाहनाला ती बरोबर धरते. पण वाटेत एखादं थांबलेलं असलं, तर कधी कधी तिला ते कळतच नाही. म्हणून माझा पाय हा असा, ब्रेकपाशी."

मधलं अंतर त्यानं जास्तीत जास्त ठेवलं होतं. पुढची गाडी जरा मंदावली, की ही आधीच ओळखून मऊपणे वेग सोडायची. ना धक्का, ना झोक. खेड-शिवापूर आलं तेव्हा भामाबाईंना झोप लागली होती. कित्येक दिवसांनी आई अशी तोंड किंचित उघडं टाकून झोपलेली प्रेरणानं पाहिली, आणि तिनं मान वर केली तर... आरशात दोन डोळे. ते लगेच रस्त्याकडं वळले.

त्या दिवसापासून रोजची खेप अमृतच करू लागला. गाडी त्याच्या मामाची होती. मामाला डिझेल कमी लागतंय याचाच आनंद, आणि पोरगा आरशाकडं जरा जास्तच बघतो, हे मामाला कुठून दिसणार?

"डिझेल कमी कसं लागतं?" भामाबाईंनी एकदा विचारलं.

"मावशी, चुलीत लाकूड कसं लावता तुम्ही?"

"येकसारखं. भसाभसा कोंबलं आन परत वढलं, तर लाकूड जळतं आन भाकर कच्ची ऱ्हाते."

"तेच तर! गाडीला वेग यायला डिझेल जाळावं लागतं. ब्रेक मारला, की तो वेग चाकापाशी नुसता तापून वाया गेला. मग परत जाळा, परत वेग घ्या. एकसारखी चालली, की जाळ कमी."

"मग कात्रजच्या पुढं बटण बंद का करता?" मागून प्रेरणा.

"तिथं गर्दी. आपण मधे जागा सोडली, की कुणीतरी दुचाकी घुसवतो. गाडी बिचारी ब्रेक लावते, परत पळते, परत ब्रेक. त्यात डिझेलही जास्त जातं आणि मावशींना धक्केही बसतात. तिथं माझा पायच बरा."

"म्हणजे बाकीच्या वाटेवर तुमचा पाय फुकटच बसून असतो."

"पाय बसतो. डोळे कामाला असतात ना."

"कुठल्या कामाला?" प्रेरणा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "रस्त्याच्या, का आरशाच्या?"

अमृतचे कान लाल झाले. भामाबाई झोपलेल्या होत्या... निदान तसं वाटत तरी होतं.

असे दिवस गेले. आईचं दुखणं कमी होत नव्हतं, हाडं आतून पोखरतच होती. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "जपा. एखादा जोराचा हिसकासुद्धा बसू देऊ नका." प्रेरणाला ते दिवसरात्र ऐकू यायचं. तरी सकाळी गाडीचा आवाज आला, की ती केसांवरून एकदा हात फिरवायचीच. आणि मग स्वतःवरच चिडायची. आई मरणाच्या वाटेवर, आणि आपण...

शेवटून दुसरी खेप. परतीची वाट, दुपारचं ऊन, रस्ता बराच मोकळा. पुढं एक ट्रक एका चालीनं चालला होता आणि गाडी त्याच्यामागं निवांत अंतर राखून. भामाबाई पेंगत होत्या.

"उद्या शेवटचं," प्रेरणा हळूच म्हणाली. "मग परवापासून कुणाच्या आईला झोपवत नेणार?"

"तेच..." अमृत अडखळला. "त्याचंच तर सांगायचं होतं."

"मग सांगा."

"असं... तुमच्याकडं पाठ करून कसं सांगू?"

"पाठ करून नको. आरशात बघा माझ्याकडं, आणि सांगा."

त्यानं पाहिलं. तिनंही पाहिलं. एवढंच. तेवढ्यात समोरचा ट्रक उजवीकडं सरला. गाडीला रस्ता मोकळा दिसला आणि ठरवून दिलेला वेग गाठायला ती पुढं झेपावली.

ट्रकच्या आडोशाला एक बंद पडलेला टेम्पो उभा होता. मागं कुणीतरी दगड मांडले होते, झाडाची फांदी खोचली होती. अमृतनं तो पाहिला आणि सगळा भार देऊन ब्रेक दाबला. टायर किंचाळले. गाडी त्या दगडांपासून हातभर अलीकडं थांबली.

कुणाला खरचटलंही नाही. रस्त्यावरचे लोक म्हणाले, नशीब म्हणायचं. मग भामाबाईंचा बारीक आवाज आला.

"पोरी... माझं पाय कुठं गेलं गं?"

पोखरलेला मणका त्या हिसक्यानं खचला होता. कमरेखालचं सगळं गेलं, ते परत आलं नाही. दवाखान्यात अमृत डॉक्टरांना म्हणाला, चूक माझी. मामाला म्हणाला, चूक माझी, आणि गाडीची किल्ली त्यांच्या हातात देऊन टाकली. "आरशात बघा" कुणी म्हटलं होतं, हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. आणि प्रेरणानंही नाही. तिनं त्याचे फोन घेणं बंद केलं.

मार्गासनीच्या घरात भामाबाई खाटेवर पडून राहिल्या. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगायच्या, "त्या पोराची काय बी चूक न्हाई. ते यंत्रच दळभद्री निघालं. लई गुणाचं पोरगं." प्रेरणा चहा गाळत ते ऐकायची. चहा गाळून झाला तरी गाळणी तशीच धरून उभी राहायची.

सारखं एका कुशीवर निजवलं, की कातडी सोलते. दर थोड्या वेळानं कड बदलावी लागते, आणि ते काम दोघांचं. चादरीची दोन्ही टोकं धरून दोघांनी एकदम उचलायचं. शेजारच्या सखूबाई यायच्या, पण भात कापणीला आलं आणि गाव शिवारात गेलं. प्रेरणा एकटीच आईला ओढू लागली. एका दुपारी कमरेपाशी कातडी फाटली. भामाबाईंनी हूं की चूं केलं नाही, तेव्हा प्रेरणाला रडू फुटलं, कारण आईला ते कळलंच नव्हतं.

त्याच दुपारी दारात अमृत उभा. वाळला होता. चिखलाचे पाय, खांद्याला पिशवी. एसटीनं आला होता.

"कशाला आलात?" तिनं दार अडवलं.

"सखूबाई फाट्यावर भेटल्या. म्हणाल्या, कड बदलायला माणूस नाही."

"तुमची गरज नाही."

"असेल तर थांबेन, नसेल तर जाईन. पण आधी मावशींना विचारतो."

"त्यांना काहीच माहीत नाही," प्रेरणा कुजबुजली. "त्या यंत्राला शिव्या देतात. तुमचं कौतुक करतात."

"मग करू देत की. सांगून त्यांचे पाय परत येणार आहेत का?"

"तुम्हाला एकट्याला वाटतं, चूक तुमची..."

"ब्रेक माझ्या पायाखाली होता, प्रेरणा."

पहिल्यांदाच त्यानं तिचं नाव घेतलं होतं. तेही असं, या दारात.

"कोन हाय गं?" आतून आवाज आला. "अमृत हाय व्हय? अरं, आत ये की ल्येका!"

तो आत गेला आणि पायथ्याशी उभा राहिला. प्रेरणा मागोमाग आली. आई त्याच्याकडं बघून हसली आणि ते हसणं प्रेरणाला सोसवेना.

"आई, यंत्राला शिव्या देऊ नकोस," ती म्हणाली. "ट्रक सरला तेव्हा हे रस्त्याकडं बघत नव्हते. माझ्याकडं बघत होते. मीच बघा म्हणाले होते."

"मावशी, तिचं ऐकू नका..."

"तू गप रं!" भामाबाईंचं हसू मावळलं. त्यांनी मान लेकीकडं वळवली. "कशापायी बघा म्हनलीस?"

प्रेरणा खाटेपाशी खाली बसली. "कारण परवापासून ते दिसणार नव्हते. आणि... मला ते चालणार नव्हतं."

बाहेर पिकल्या भातावर पाखरांचा थवा बसला आणि कुणी हाकललं नाही म्हणून बसूनच राहिला.

"मला जरा रडू द्या," भामाबाई म्हणाल्या. "तवर दोघंबी भाईर व्हा."

दोघं अंगणात आले. आतून हुंदके ऐकू येत होते. मोठे, लेकराचे असतात तसे. प्रेरणा आत धावायला निघाली. अमृतनं तिच्या मनगटाला धरलं, आणि तितक्याच झटकन सोडलं.

"नको. त्या रडू द्या म्हणाल्या."

"त्या माफ करणार नाहीत मला."

"नसतील करणार."

"मग? तरी थांबाल?"

"त्या दिवशी सांगायचं राहिलं होतं, ते हेच होतं," तो म्हणाला. "थांबेन म्हणून. तेव्हा सांगणं सोपं होतं..."

ती त्याच्यापासून दूर सरली नाही. हुंदके विरत गेले, तरी दोघं तसेच उभे होते, एकमेकांकडं न बघता.

"आगं, मेलीस का कुठं? कड बदला माजी. पाठ निसती भाजतीया!"

दोघं आत आले. चादरीची दोन टोकं तिनं धरली, दोन त्यानं. भामाबाईंचे डोळे सुजले होते, पण आवाज नेहमीचा होता.

"दोघांनी येकदम उचला. येकानं आदी आन दुसऱ्यानं मागनं केलं, की जीव जातो माजा. हां... हळू. तिकडं न्हवं, ह्या कुशीवर ठिवा. हितनं दार दिसतंय."

चादर सरळ करताना अमृतचा हात त्यांच्या खांद्याखाली होता. त्यांनी तो झटकला नाही आणि थोपटलाही नाही.

"सांजच्याला परत बदलायची हाय," त्या दाराकडं बघत म्हणाल्या. "तुजी यष्टी कवा हाय रं?"

"सहाला, मावशी."

"जाऊ दे ती."